विश्लेषण : घरातील एक खोली भाड्याने दिली, मग घराच्या विम्याचे काय?

कल्याण आणि आंबिवली या स्थानकांच्या मधले शहाड म्हणजे भाड्याच्या खोल्यांचा पट्टा. एका बाजूला कल्याण-डोंबिवली महापालिका, दुसऱ्या बाजूला उल्हासनगर. कारखान्यांतील पाळ्या, मुंबईकडे जाणारी लोकल आणि कल्याणमधील महाविद्यालये यांमुळे इथे खोलीलाच काय, एका कॉटलाही गिऱ्हाईक मिळते. मुले परगावी गेलेले जोडपे, निवृत्त कामगाराचे कुटुंब, गृहकर्जाचा हप्ता ओढणारे घर, असे अनेक जण घरातील एखादी खोली दोघा-तिघांना देतात. त्या पैशावर घरखर्चाचा मोठा भाग भागतो. पण त्याच घरात पुराचे पाणी शिरले, आग लागली किंवा चोरी झाली तर नुकसान कोण भरून देणार? घरात पेइंग गेस्ट असतील तर विमा मिळतो का, आणि मिळाला तरी परवडतो का? हप्ता बहुतेकांना वाटतो त्याहून कमी असतो. दावे अडकतात ते वेगळ्याच कारणाने.

शहाडमध्ये घराला धोका कशाचा?

पहिला धोका पाण्याचा. उल्हास नदी शहाड-मोहने भागाला लागून वाहते. ठाणे, भिवंडी परिसराला पाणी देणाऱ्या योजनेच्या नावातच शहाड आहे, शहाड-टेमघर. नदी जवळ असल्याचा हा फायदा. तोटा पावसाळ्यात कळतो. २६ जुलै २००५ चा पूर या भागातील कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी याच उल्हासच्या पुराने बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजाराहून अधिक प्रवाशांसह अडकली होती. रायते पुलावर पाणी आले की कल्याण-मुरबाड रस्ता बंद होतो. अंबरनाथ, उल्हासनगरातून येणारी वालधुनी नदीही पावसाळ्यात काठच्या वस्त्यांत शिरते. तळमजल्याच्या खोल्या स्वस्त असतात आणि भाड्याने जातात त्याही बहुतेक याच. पाणी सर्वांत आधी शिरते तेही तिथेच.

दुसरा धोका आग आणि स्फोटाचा. सप्टेंबर २०२३ मध्ये शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात टँकरचा स्फोट होऊन कामगारांचा बळी गेला. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत झालेल्या स्फोटांनी आजूबाजूच्या घरांच्या काचा फोडल्या. कारखान्यात नोकरी नसलेल्या, दूर राहणाऱ्या कुटुंबांनाही दुरुस्तीचा खर्च सोसावा लागला. तिसरा धोका जुन्या बांधकामांचा. विम्याच्या दृष्टीने तो सर्वांत अवघड असल्याने त्याविषयी पुढे.

‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी काय आहे?

विमा नियामक ‘आयआरडीएआय’ने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घरासाठीची प्रमाणित पॉलिसी लागू केली. आगीचा विमा विकणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती ठेवावीच लागते. तिचा मूळ मजकूर सर्व कंपन्यांसाठी सारखा आहे. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट आहे. चार कंपन्यांच्या चाळीस पानी अटी वाचून तुलना करायची गरज उरत नाही; मूळ माल एकच, त्यामुळे हप्ता आणि दावे निकाली काढण्याची पद्धत एवढेच पाहायचे. एजंट ‘आमची पॉलिसी वेगळी’ म्हणत असेल, तर वेगळे काय ते बहुधा वरून जोडलेले संरक्षण असते, आणि त्याचा हप्ताही वेगळा असतो.

या पॉलिसीत आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर व पाणी साचणे, जमीन खचणे, दरड कोसळणे, वाहन वा अन्य वस्तू आदळणे, दंगल व हेतुपुरस्सर नासधूस, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे अशा घटनांमुळे झालेले नुकसान धरले जाते. घराच्या बांधकामाचा विमा घेतला की घरातील सर्वसाधारण सामानाला बांधकामाच्या विमा रकमेच्या २० टक्के, मात्र जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. त्यासाठी फ्रिज, कपाट, गाद्या यांची यादी द्यावी लागत नाही. दागिने, चांदीची भांडी, चित्रे अशा मौल्यवान वस्तूंसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते.

आणखी एक जुनी अडचण या पॉलिसीने दूर केली. पूर्वी घर कमी रकमेला विमित केले असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जायची. म्हणजे १० लाखांचे बांधकाम ५ लाखांना विमित केले आणि नुकसान २ लाखांचे झाले, तर हाती १ लाखच यायचे. ‘भारत गृह रक्षा’त ही कपात नाही. विमा रकमेच्या मर्यादेत २ लाखांचे नुकसान २ लाखच धरले जाते.

हप्ता नेमका किती आणि तो कमी कसा होतो?

सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. घराचा विमा म्हटले की लोक बाजारभाव धरतात. शहाडमधील फ्लॅट ३५ लाखांना विकला जातो, म्हणजे ३५ लाखांचा विमा हवा, असा हिशेब केला जातो आणि मग हप्ता जड वाटतो. पण बाजारभावात जमिनीची, स्टेशनजवळच्या जागेची, बिल्डरच्या नफ्याची किंमत असते. आगीत किंवा पुरात जमीन जळत नाही, वाहूनही जात नाही. विमा घ्यायचा असतो तो पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा. ‘भारत गृह रक्षा’तही विमा रक्कम अशीच काढतात : घराचे चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा सध्याचा दर.

उदाहरणापुरते, चटई क्षेत्र ४०० चौरस फूट आणि बांधकामाचा दर २,००० रुपये चौरस फूट धरला, तर बांधकामाची विमा रक्कम ८ लाख रुपये येते. सामानाचे संरक्षण त्याच्या २० टक्के, म्हणजे १ लाख ६० हजार. बांधकामाची ही विमा रक्कम ३५ लाखांच्या एक चतुर्थांशाच्याही आत आहे आणि हप्ताही त्याच प्रमाणात उतरतो. अशा घराच्या साध्या पॉलिसीचा वर्षाचा हप्ता सहसा एका पेइंग गेस्टच्या एका महिन्याच्या भाड्यापेक्षा कमी भरतो. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याला सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीतून मिळालेली सूट घराच्या विम्याला नाही.

पॉलिसी एक वर्षाची घेता येते, तशीच १० वर्षांपर्यंतचीही. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत बांधकामाची विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते आणि त्यासाठी जादा हप्ता नसतो. बांधकामाचा खर्च दरवर्षी वाढतो, हे लक्षात घेता तीन किंवा पाच वर्षांची पॉलिसी मध्यमवर्गीय घराला अधिक सोयीची पडते. मात्र खोल्या भाड्याने देण्याचा बेत एखाद्याच वर्षाचा असेल, तर आधी एक वर्षाची पॉलिसी घेणे बरे. कारण पुढचा मुद्दा.

घरात पेइंग गेस्ट आहेत, हे कंपनीला सांगायचे का?

सांगायचे. आणि लेखी सांगायचे. विम्याचा करार पूर्ण विश्वासावर उभा असतो, असे कायदा मानतो. हप्ता ठरवताना किंवा पॉलिसी द्यायची की नाही हे ठरवताना ज्या माहितीने फरक पडेल, ती ग्राहकाने दडवली तर कंपनी दावा नाकारू शकते. घरात मालकाच्या कुटुंबाबाहेरचे दोन-तीन जण राहतात, त्यांच्याकडे किल्ली आहे, ते स्वयंपाक करतात, ही माहिती त्याच प्रकारात मोडते.

अडचण अशी की विम्याच्या अनेक अर्जांत रकाने मोजके असतात : घरात मालक राहतो, घर भाड्याने दिले आहे किंवा घर बंद आहे. स्वतः राहून एक खोली देणारा यातल्या कुठल्याच रकान्यात नीट बसत नाही. एजंट मग सोयीचा रकाना भरून मोकळा होतो. ‘मालक राहतो’ हे खोटे नसते, पण पूर्णही नसते. यावर साधा उपाय म्हणजे कंपनीला एक ईमेल. ‘या घरात मी कुटुंबासह राहतो आणि एक खोली नोंदणीकृत करारावर दोन पेइंग गेस्टना दिली आहे, पॉलिसीत याची नोंद घ्यावी’ एवढी दोन ओळींची मागणी पुरते. उत्तर किंवा नोंदीचे पत्र आले की ते पॉलिसीसोबत जपून ठेवायचे. पॉलिसी घेतल्यानंतर मधेच खोली भाड्याने दिली, तरीही हेच करायचे. हप्ता थोडा वाढलाच, तर दावा नाकारला जाण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

कायद्याच्या नजरेत पेइंग गेस्ट कोण, हेही इथे उपयोगी पडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ७ नुसार, मालक स्वतः राहतो त्याच जागेचा काही भाग कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीला परवान्यावर दिला, तर ती व्यक्ती पेइंग गेस्ट. मालक ठाण्याला राहत असेल आणि शहाडचा अख्खा फ्लॅट सहा तरुणांना दिला असेल, तर पाटीवर ‘पीजी’ लिहिले तरी तो या व्याख्येत बसत नाही. कंपनीही त्याला स्वतः राहत असलेले घर मानणार नाही.

आणि एका खोलीत बंक बेड टाकून आठ-दहा जणांना कॉट बेसिसवर ठेवले, मेस लावली, तर ते घर राहतच नाही. तो वसतिगृहाचा व्यवसाय होतो. त्याला घराची पॉलिसी लागू पडत नाही. छोट्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी प्रमाणित पॉलिसी आहे. एका ठिकाणच्या एकूण ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ती घेता येते. घराच्या स्वस्त हप्त्यात धंदा झाकायचा प्रयत्न दाव्याच्या वेळी हमखास उघडा पडतो, कारण नुकसान पाहायला आलेला सर्व्हेअर कॉट मोजतो.

चोरी झाली तर काय?

भाड्याने खोली देणाऱ्या मालकांच्या विम्यातील सर्वांत मोठे भोक इथे आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

‘भारत गृह रक्षा’ ही मुळात आग आणि नैसर्गिक आपत्तीची पॉलिसी आहे. तिच्यात चोरी धरली जाते ती फक्त विमित घटनेमुळे झालेली, आणि घटनेनंतर ७ दिवसांच्या आतली. म्हणजे पुरात घर सोडून जावे लागले आणि त्या आठवड्यात कोणी सामान लांबवले, तर भरपाई मिळू शकते. एरवी दुपारी घर बंद असताना झालेली चोरी तिच्यात येत नाही. त्यासाठी घरफोडीचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. सरकारी विमा कंपन्यांच्या जुन्या ‘हाउसहोल्डर’ पॅकेज पॉलिसींत त्याचा वेगळा विभाग असतो आणि खासगी कंपन्या ते जोड म्हणून देतात.

पण हे संरक्षण घेतले तरी दोन अटी पाहाव्या लागतात. एक, घरफोडीच्या विम्यात सहसा बळाने आत शिरल्याची किंवा बाहेर पडल्याची खूण लागते : तुटलेले कुलूप, वाकवलेली जाळी. दोन, कुटुंबीय, नोकर किंवा ‘घरात कायदेशीररीत्या असलेली व्यक्ती’ यांनी केलेली चोरी घरफोडीच्या पॉलिसींतून बहुधा वगळलेली असते. पेइंग गेस्ट हा नेमका असाच माणूस. मालकानेच त्याला किल्ली दिलेली आहे, करार केलेला आहे, तो रात्री बारा वाजताही कुलूप न तोडता आत येऊ शकतो. त्याने कपाटातील दागिने नेले, तर मालकाच्या दृष्टीने ती सरळ चोरी. पोलिसही गुन्हा नोंदवतील. विमा कंपनी मात्र वगळलेली बाब म्हणून दावा फेटाळू शकते.

म्हणून हप्ता भरण्याआधी कंपनीला विचारायचा प्रश्न ‘चोरी कव्हर आहे का?’ हा नाही. त्याचे उत्तर ‘हो’ असेच येते. विचारायचे ते असे : ‘घरातील भाडेकरू किंवा पेइंग गेस्टने केलेली चोरी धरली जाते का? आणि घरात पेइंग गेस्ट असताना बाहेरच्याने केलेल्या घरफोडीला काही अट लागते का?’ उत्तर नकारार्थी आले, तर दागिन्यांच्या जोड संरक्षणावर पैसे घालवण्यापेक्षा बँकेचे लॉकर बरे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार बँकेत आग, चोरी, दरोडा झाल्यास किंवा बँकेच्याच कर्मचाऱ्याने फसवणूक केल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट असते. तीही फार मोठी रक्कम नव्हे, पण निदान घरातील किल्लीचा प्रश्न मिटतो.

भाडे बुडाले तर भरपाई मिळते का?

मिळते. खोलीच्या भाड्यावर घर चालवणाऱ्यांसाठी ही या पॉलिसीतील सर्वांत उपयोगी तरतूद आहे. पूर, आग अशा विमित घटनेमुळे घर राहण्यायोग्य उरले नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत बुडालेले भाडे, किंवा मालक स्वतः राहत असेल तर दुसरीकडे राहण्याचे भाडे, बांधकामाच्या संरक्षणातच धरलेले आहे. घर राहण्यायोग्य नसल्याचे वास्तुविशारदाचे किंवा स्थानिक प्राधिकरणाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. नुसता भिंतींना ओलावा आला म्हणून पेइंग गेस्ट सोडून गेला, तर ते यात येत नाही.

आता हिशेब कशावरून होणार? कागदावरून. शहाड-उल्हासनगर पट्ट्यात करारावर कमी भाडे दाखवून उरलेले रोख घेण्याची पद्धत सर्रास आहे. करारावर ३ हजार आणि हातात ८ हजार असतील, तर मालकाला बुडालेल्या ८ हजारांचा पुरावा देता येत नाही. करारच नसेल, तर भाडे होते हेही सिद्ध करणे अवघड.

खरे तर नोंदणी महाग नाही. त्याच कायद्याच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के लागते. परत करायच्या अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के धरून तेही त्या भाड्यात मिळवतात. ११ महिन्यांसाठी ८ हजार भाडे आणि २० हजार अनामत असेल, तर मुद्रांक शुल्क सुमारे २२५ रुपये होते. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १ हजार रुपये. करार ऑनलाइन नोंदवता येतो. पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवल्याची पोचही याच फाइलमध्ये ठेवावी.

पेइंग गेस्टचा लॅपटॉप पाण्यात गेला तर?

मालकाच्या पॉलिसीतून त्याची भरपाई मिळेल असे धरून चालू नये. सामानाचे संरक्षण मालकाच्या घरगुती सामानासाठी असते. पेइंग गेस्ट किंवा भाडेकरू घराच्या बांधकामाशिवाय फक्त स्वतःच्या सामानाची ‘भारत गृह रक्षा’ घेऊ शकतो. तिचा हप्ता आणखी कमी असतो, पण भाड्याने राहणाऱ्यांत ती घेणारे विरळाच. मालकाने करारात ‘राहणाऱ्याच्या सामानाची जबाबदारी त्याची स्वतःची’ हे कलम घातले, तर नंतरचा वाद टळतो.

राहणाऱ्याला इजा झाली तर? गीझरचा शॉक बसला, छताचा पोपडा डोक्यात पडला, अशा वेळी मालकाकडे नुकसानभरपाई मागितली जाऊ शकते. ‘भारत गृह रक्षा’च्या मूळ मजकुरात हे येत नाही. मालक आणि जोडीदारासाठी प्रत्येकी ५ लाखांचे अपघात संरक्षण जोडता येते, पण ते पेइंग गेस्टसाठी नाही. त्यासाठी तृतीय पक्षाच्या दायित्वाचे संरक्षण वेगळे मागावे लागते. हाउसहोल्डर पॅकेजमध्ये त्याचा विभाग असतो.

गॅस सिलिंडरचा अपघात झाला तर?

तेल कंपन्यांनी घरगुती गॅस ग्राहकांसाठी घेतलेल्या सार्वजनिक दायित्व विम्यात सिलिंडरच्या अपघातात मृत्यू झाल्यास प्रतिव्यक्ती ६ लाख रुपये, उपचारासाठी प्रतिव्यक्ती जास्तीत जास्त २ लाख आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंतची तरतूद आहे. ग्राहकाला यासाठी वेगळा हप्ता भरावा लागत नाही. मात्र मालमत्तेचे संरक्षण ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यावरील जागेसाठी आहे. खोलीवर राहणारी मुले बाजारातून भरून आणलेली पाच किलोची विनानोंद टाकी वापरत असतील, तर हे संरक्षण लागू होत नाही आणि घराच्या विम्याच्या दाव्यातही सर्व्हेअरचे प्रश्न वाढतात.

जुनी किंवा अनधिकृत इमारत असेल तर?

इथे विम्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. १९९० च्या दशकात उलवा रेती वापरून उभारलेल्या इमारतींचा प्रश्न तेव्हा पुन्हा चर्चेत आला. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीत स्लॅब कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. यात विम्याची अडचण अशी की वयामुळे झालेली झीज, सदोष बांधकाम किंवा निकृष्ट साहित्य ही विमित घटना नाही. जमीन खचल्याने झालेले नुकसान धरले जाते, पण त्यातूनही सदोष रचना, निकृष्ट साहित्य, पाडकाम किंवा दुरुस्तीच्या कामामुळे झालेले नुकसान वगळलेले आहे. अशा इमारतीसाठी विम्याआधी संरचनात्मक तपासणी लागते.

खोली भाड्याने देण्यासाठी गॅलरी बंदिस्त करणे, चाळीच्या घरावर पत्र्याची आणखी एक खोली चढवणे हेही नेहमीचे. चटई क्षेत्र १० टक्क्यांहून अधिक वाढवले आणि कंपनीला कळवून जादा हप्ता भरला नाही, तर त्या वाढीव भागाचे नुकसान पॉलिसीबाहेर जाते. म्हणजे ज्या खोलीतून पैसे येतात, नेमकी तीच विम्याविना राहते. आणि पालिकेने किंवा न्यायालयाने पाडण्याचा आदेश दिला, तर भरपाईचा प्रश्नच येत नाही. बनावट कागदपत्रांवर महारेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तिथल्या रहिवाशांचे जे नुकसान आहे, ते कुठल्याही घराच्या विम्याने भरून येणारे नाही.

सोसायटीचा किंवा बँकेचा विमा असताना आणखी कशाला?

सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार इमारतीचा विमा काढायचा असतो आणि त्याचा खर्च सदनिकांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटला जातो. वर्षाच्या हिशेबात ‘विमा’ ही ओळ आहे का, हे सदस्याने पाहावे. अनेक छोट्या सोसायट्यांत ती नसते. असली तरी तो विमा ढाच्याचा असतो. घरातील सामान, फर्निचर, बुडालेले भाडे त्यात येत नाही. सोसायटीची पॉलिसी चालू असेल तर सदस्याने फक्त सामानाची पॉलिसी घेऊन हप्ता आणखी कमी करता येतो.

बँकेने गृहकर्जासोबत दिलेला विमा म्हणजे घराचाच विमा, असेही नाही. अनेकांच्या हातात प्रत्यक्षात कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडणारी आयुर्विम्याची पॉलिसी असते. कागदावर ‘भारत गृह रक्षा’ किंवा ‘फायर’ हा शब्द आहे का, पत्ता याच घराचा आहे का आणि कर्ज घेतल्यापासून तिचे नूतनीकरण झाले आहे का, ते पाहायला पाच मिनिटे लागतात.

नुकसान झाल्यावर काय करायचे?

पाणी ओसरल्यावर पहिला हात झाडूकडे जातो. त्याआधी मोबाइल उचलावा. भिंतीवरील पाण्याची रेघ, भिजलेले सामान, यंत्रांवरील मॉडेल क्रमांक यांचे फोटो आणि व्हिडीओ काढून मग साफसफाई करावी. कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि दाव्याचा क्रमांक घ्यावा. पुरानंतर महसूल विभाग पंचनामे करतो. आपल्या घराचा पंचनामा झाला का ते पाहून प्रत मिळवावी. आग असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल, चोरी असेल तर एफआयआर लागतो. सर्व्हेअर येईपर्यंत खराब सामान भंगारवाल्याला देऊ नये.

दावा नाकारला किंवा अर्धवट दिला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. ‘आयआरडीएआय’च्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे चालतात. लोकपालापुढे नोंदणीकृत करार आणि पॉलिसी घेताना कंपनीला पाठवलेला तो दोन ओळींचा ईमेल हेच मालकाचे मुख्य पुरावे असतात.